ठरवलेलं शूट फिसकटलं तर काय करायचं? कोल्हापुरातल्या फोटोग्राफरसाठी सविस्तर मार्गदर्शन

जुलैत पन्हाळ्यावर नवरीचं शूट ठरवावं आणि वर पोचल्यावर धुकं इतकं दाट असावं की तीन दरवाजाची कमानही दिसू नये. रंकाळ्यावर निवांत संध्याकाळ हवी असावी आणि नेमकी तिथे पाय ठेवायला जागा नसावी. तालमीत पोचावं तर मेहनत संपून पोरं अंग पुसायला लागलेली असावीत. कल्पक शूट करणाऱ्यांना यातलं काही ना काही ओळखीचं असेल. अशा वेळी काय करायचं ते या लेखात क्रमाने सांगतो आहे. सुरुवात मात्र आदल्या दिवसापासून करावी लागेल, कारण शूट वाचतं की बुडतं याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

आदल्या दिवशीचा कागद

मूडबोर्ड, म्हणजे शूट कसं दिसावं ते सांगणाऱ्या नमुना चित्रांचा फलक, असू द्या, पण त्यासोबत एका कागदावर चार ओळी लिहा: हेतू, माणूस, प्रकाश, जागा. याच क्रमाने लिहा. काही बिघडलं की सोडत जायचं ते खालून वर. आधी जागा सोडायची, मग हवा होता तो प्रकाश, मग माणसाची ठरवलेली पोझ आणि पेहराव. हेतू शेवटपर्यंत सोडायचा नाही.

आपल्याकडे बहुतेक शूट उलट्या क्रमाने ठरतात. 'पन्हाळ्यावर करू' हे पहिलं वाक्य असतं आणि कशासाठी करू हे शेवटपर्यंत कोणी बोलत नाही. मग जागेने दगा दिला की हातात काहीच उरत नाही.

एक उदाहरण धरून चालू. एका सराफाला कोल्हापुरी साजाचे फोटो हवेत. पारंपरिक साजात २१ पानं असतात: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन, आणि एक ताईत. हल्ली त्याहून कमी पानांचे साजही सर्रास घडवले जातात. इथे हेतू असा लिहायचा: 'पानांवरची नक्षी ओळखू यावी आणि हा साज घालून उभी असलेली बाई घरच्या कार्याला निघाली आहे असं वाटावं.' या वाक्यात पन्हाळा कुठेच नाही हे लगेच लक्षात येईल. गडाची कमान ही तुमची आवड आहे, आणि ती असायलाही हवी, पण तिच्यावाचून काम अडत नाही.

कागदाच्या खाली आणखी दोन गोष्टी लिहा. पहिली, 'हवेच' असलेले दोन-तीन फोटो. ते पहिल्या अर्ध्या तासात, मिळेल त्या प्रकाशात काढून मोकळे व्हा. दुसरी, ठरलेल्या जागेपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवरची एक छपराखालची जागा: ओळखीच्या घराची ओसरी, लॉजची मोठ्या खिडकीची खोली, मंगल कार्यालयाचा व्हरांडा. तिथल्या माणसाला आदल्या दिवशीच फोन करून ठेवा. पावसात भिजत उभं राहून 'काका, जरा येऊ का?' विचारणं आणि आधी सांगून ठेवलेलं असणं यात मोठा फरक पडतो.

परवानगीने अडतं तिथे

हे थोडक्यात. अंबाबाईच्या देवळात आत फोटो काढता येत नाहीत, न्यू पॅलेसच्या वस्तुसंग्रहालयातही नाही. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला आणि व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी काढावी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला एक पन्हाळा. तेव्हा रिफ्लेक्टर, सूटकेस आणि चार माणसं घेऊन 'सहज आलोय' म्हणणं जमणार नाही.

पहारेकऱ्याने अडवलं तर हुज्जत घालू नका. लायटिंग स्टँड गाडीत ठेवा, 'दादा, कुठपर्यंत चालेल ते सांगा, तेवढंच करतो' असं विचारा आणि सांगितलेली हद्द पाळा. गडावर कपडे आणि पोझ कशी असावी याबद्दल लोक हळवे असतात, आणि ते बरोबरच आहे. तिथे माणसं लढली आहेत. हे ज्याला पटत नसेल त्याने प्री-वेडिंगसाठी दुसरी जागा बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागेचा झोन बघाच.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं

बिघाड दिसला की पहिलं काम म्हणजे सगळ्यांना बसवा. मॉडेल, मेकअप करणारी ताई, ग्राहक या सगळ्यांच्या हातात चहा द्या. तुम्ही एकटे मोबाइल घेऊन फिरा. कॅमेरा नको, कारण कॅमेरा हातात आला की शोध थांबतो आणि शूट सुरू होतं.

फिरताना तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. प्रकाश कुठून येतोय? माणसामागे काय येईल? इथे अर्धा तास कोणी त्रास न देता उभं राहता येईल का? तळहात चेहऱ्यासमोर धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्या, म्हणजे हातावरच्या सावलीवरून प्रकाशाची दिशा आणि धार दोन्ही कळतात. ढगाळ वातावरणातही दिशा असते, फक्त ती सौम्य असते. मोबाइलवर चार-पाच चौकटी काढा आणि कागदातला हेतू पुन्हा वाचा. त्यातल्या एकीत तो बसत असेल तर इथेच थांबा. एकाही चौकटीत बसत नसेल तर लगेच छपराखालच्या जागेकडे निघा. मधला मार्ग, म्हणजे 'थोडं थांबून बघू' म्हणत तास घालवणं, सगळ्यात महाग पडतो. मेकअप उतरतो, गजरा मलूल होतो आणि माणसांचा उत्साह ओसरतो.

थांबण्याला एकच अपवाद आहे, वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, आधी धुळीचा वारा सुटतो, मग सरी कोसळतात आणि बऱ्याचदा तासाभरात सगळं निवळतं. त्यानंतरच्या संध्याकाळी हवेतली धूळ खाली बसलेली असते, रस्ते ओले असतात आणि सूर्य ढगांखालून येतो. वर्षभरात कोल्हापुरात मिळणारा हा सगळ्यात देखणा प्रकाश, म्हणून वळवासाठी शूट रद्द करू नका. पण विजा चमकत असतील तर तटबंदी, उघडं माळरान आणि झाडाखालची जागा तात्काळ सोडा.

धुकं आणि पाऊस

पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर आहे. पावसाळ्यात खाली शहर कोरडं असतानाही वर ढग उतरलेले असतात. धुकं अंतर खातं हे ओळखून कामाला लागा. दहा फुटांवरचा माणूस दिसतो, तीस फुटांवरचा विरतो. म्हणून लांबच्या चौकटीचा हट्ट सोडा आणि माणसाला चार-पाच फुटांवर आणा. पाठीमागची कमान अंधुक आकार म्हणून येऊ द्या. अशा वातावरणात फिकट रंग हरवतात. लाल, गर्द हिरवं, हळदी असं काही अंगावर असेल तर चित्र उभं राहतं. मॉडेलने पिस्ता रंगाची साडी आणली असेल तर गाडीत एखादी गडद शाल किंवा शेला ठेवलेला कामी येतो.

एक्स्पोजरकडे लक्ष द्या. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्या धुक्याला करडं करू पाहतो, त्यामुळे फोटो मळकट येतात. एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा. ऑटोफोकस भिरभिरत असेल तर साडीचा काठ, भुवई, साजाचं पान अशा ठळक कडेवर फोकस धरा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश धुक्यात मारू नका, कारण समोरच्या थेंबांवरून उजेड परतून चौकट पांढरी होते. तोच फ्लॅश काढून माणसाच्या मागे आणि थोडा बाजूला ठेवला तर धुकं उजळतं आणि माणसाभोवती कड तयार होते. पावसाच्या सरी दाखवायच्या असतील तरीही हीच मांडणी. मागून प्रकाश, पाठीमागे काळपट भिंत किंवा झाडी, शटर १/२०० आणि फ्लॅशची ताकद कमी. समोरून उजेड टाकलात तर पाऊस दिसतच नाही.

पावसात फक्त बॅटरीवरचे दिवे वापरा. वायर ओढून लावलेला मोठा दिवा ओल्या जमिनीवर कधीही नको. जांभ्यावर आणि तटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. नऊवारीत आणि नव्या चपलेत त्यावर कोणाला चढवू नका, उत्तम फोटो कड्यापासून लांबही होतो. एसी गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं. घाट चढतानाच एसी बंद करून खिडक्या उघडा आणि बॅग बंदच ठेवा. लेन्स पुसायला सुती कापडाचे दोन-तीन तुकडे कोरड्या डब्यात असावेत.

आता साजाचं काय? सोन्यावर पाण्याचे थेंब असले की नक्षी दिसेनाशी होते. त्यामुळे धुक्यात माणसाचे, मूडचे फोटो काढा आणि नक्षीचे जवळचे फोटो खोलीतल्या खिडकीशी. खिडकी डाव्या हाताला, उजव्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट. सोनं आरशासारखं समोरचं सगळं दाखवतं. पांढरी शीट सरकवत न्या, पानांवर उजळ पट्टा कुठे येतो ते बघा आणि नक्षीचा उठाव हरवतोय असं वाटलं तर शीटला काळ्या कार्डशीटची पट्टी लावा. ही चमक आणि काळोखाची आखणी नंतर संगणकावर नीट करता येत नाही, ती तिथेच बसून करावी लागते. वेळ लागेल. पण सराफाला हवा असलेला फोटो हाच आहे आणि त्याला धुक्याशी काही घेणं नाही.

विषय कोल्हापुरी चपलेचा असेल तर भिजवण्याच्या कल्पनेपासून लांब राहा. हे चामडं झाडांच्या साली-हिरड्याने कमावलेलं असतं, पाण्याने त्यावर डाग पडतात. मातीवर, घोंगडीवर, जात्याशेजारी ठेवून छपराखाली शूट करा.

पंचगंगा घाटावर पावसाळ्यात काम असेल तर सकाळी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघून निघा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पण घाटाच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, ते उघडल्यावर शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. पाणी पायरीगणिक वर येताना दिसलं तर सामान गोळा करून निघा. पूर पाहायला जमलेल्या आणि पुरात घर गेलेल्या माणसांसमोर फॅशन शूट करू नका. २०१९ चा ऑगस्ट या शहराने पाहिलेला आहे.

टळटळीत ऊन

उशीर झाला, सकाळचा कोवळा प्रकाश गेला आणि साडेबाराचं ऊन डोक्यावर आलं. ही अडचण धुक्यापेक्षा जास्त वेळा येते. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराला. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तर तो अगदी नेमका डोक्यावर असतो. भुवयांची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर.

पहिला उपाय उंबरठा. जुन्या वाड्याचं दार, दुकानाची पडवी, पुलाची कमान असं काही शोधा. माणसाला सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेर करून उभं करा. बाहेरच्या उजळ अंगणाचा परावर्तित प्रकाश चेहऱ्यावर समोरून येतो आणि मागे घराचा काळोख राहतो. कमी वाटलं तर बाहेर उन्हात जमिनीवर पांढरी चादर अंथरा. अंगणात हिरवळ किंवा लाल फरशी असेल तर तिचा रंग चेहऱ्यावर चढतो, तेव्हा चादर लागतेच.

सावलीच नसेल तर दोघांनी पांढरं धोतर किंवा मलमल डोक्यावर ताणून धरा. मूकपटांच्या काळात चित्रीकरण उन्हात व्हायचं आणि ऊन मऊ करायला वर पांढरं कापड ताणायचे. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याचं हे शहर आहे, इथे धोतर ताणायला लाज कसली! फक्त लक्षात ठेवा, कापडाखाली माणूस अंधारतो आणि मागचं दृश्य भगभगीत राहतं. म्हणून पाठीमागे झाडी किंवा सावलीतली भिंत घ्या.

तिसरा उपाय म्हणजे उन्हालाच कामाला लावायचं. माणसाला मान वर करून सूर्याकडे तोंड करायला सांगा, डोळे मिटलेले. तुम्ही तीन म्हणाल तेव्हा उघडायचे आणि लगेच मिटायचे. किंवा उसाच्या फडाच्या कडेला पानांच्या सावल्या चेहऱ्यावर पडू द्या. बांबूची चाळण, खिडकीची जाळी, सूप यांच्या सावल्यांनीही चेहऱ्यावर नक्षी पडते. असे फोटो ठरवून केल्यासारखे दिसतात, कारण ते त्या क्षणी खरंच ठरवलेले असतात.

फ्लॅशने उन्हाशी झुंजायचं असेल तर हिशेब सोपा आहे. आयएसओ १००, शटर १/२००, साधारण एफ ११. एवढ्या उन्हात छोटा फ्लॅश उपयोगी पडतो तो माणसापासून हातभर अंतरावरच. अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट कमी होतो, म्हणून ताकद वाढवण्याआधी दिवा जवळ आणा.

गर्दी

रंकाळ्याच्या चौपाटीवरून पश्चिमेला पाण्यावर मावळतीचा सूर्य दिसतो आणि नेमकी तीच वेळ सगळ्या शहराच्या फिरण्याची. ८५ किंवा १३५ मिमीच्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून लांब उभे राहा, मागची माणसं विरघळतात. किंवा खाली बसून माणसाला आभाळावर घ्या. गर्दी हाच विषय करायचा असेल तर शटर १/८ आणि सोबत फ्लॅश लावा. मॉडेल स्थिर, बाकी सगळे वाहते. पोरं घोळका करतात तेव्हा आधी त्यांचा एक छान फोटो काढून दाखवा, 'आता दहा मिनिटं ताईला मदत करा' म्हणा. मग तीच पोरं रस्ता मोकळा ठेवतात.

जोतिबाला चैत्र यात्रेत गुलालात शूट असेल तर लेन्स तिथे बदलू नका, कॅमेऱ्याला पिशवी गुंडाळा. नंतर आधी ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरा. ओलं कापड लावलंत तर रंग फटीफटीत उतरतो.

माणूस खुलत नसेल तर

जागा आणि प्रकाश मनासारखे मिळूनही शूट पडतं ते बऱ्याचदा इथे. नवखी मॉडेल, लाजणारा नवरदेव, कुंभारवाड्यातले काका. 'नैसर्गिक राहा' असं कोणाला सांगू नका, त्याने माणूस आणखी आखडतो. हाताला काम द्या. 'ताई, साज जरा सरळ करता का?' असं म्हटलं की मान झुकते, बोटं पानांवर जातात, नजर खाली येते आणि हवा होता तो फोटो मिळतो. काकांना चाकावर बसवा आणि त्यांचं काम त्यांच्या गतीने होऊ द्या. त्यांना 'पुन्हा एकदा' म्हणण्यापेक्षा पुढचं मडकं येईपर्यंत थांबा.

नऊवारी नेसवणारी जाणकार मावशी शूट संपेपर्यंत सोबत असावी. निऱ्या सुटल्या की फोटोग्राफरने हात लावायचा नाही. ब्लाउज सैल असेल तर पाठीमागे कागदाच्या चिमट्यांनी घट्ट करा. मॉडेल थकली असेल, रडवेली झाली असेल तर शूट थांबवा. त्या दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल.

तालमीचं थोडं वेगळं आहे. आधी वस्तादांची परवानगी, पादत्राणं बाहेर, आणि मातीत कोणी उतरायचं हे त्या तालमीच्या नियमाप्रमाणे. तिथली लाल माती हळद, तेल, ताक घालून जपलेली असते. उशीर होऊन कुस्त्यांचा सराव संपला असेल तर पैलवानांना परत मातीत पाठवायची विनंती, म्हणजे 'वस्ताद, दोघांना पुन्हा धरायला लावा', करू नका. दमलेल्या पैलवानाला खोटी पकड घ्यायला लावली की ती खोटीच दिसते आणि दुखापतीची भीती वेगळी. त्याऐवजी मेहनतीनंतरचं टिपा. पाठीवरची घामाने ओली झालेली माती, मोडलेले कान, एकमेकांचं अंग रगडणारे हात, भिंतीला टेकलेली गदा. हे सगळं कुस्तीच्या झटापटीइतकंच त्या माणसांचं आहे आणि फार कमी वेळा नीट टिपलं जातं. उजेड कमी असतो, म्हणून एफ २ च्या आसपास उघडी लेन्स आणि आयएसओ ३२०० ते ६४००. दाणेदार आलं तरी चालतं. फ्लॅश टाळा, आणि कुस्ती चालू असताना तर मुळीच नको.

यंत्र रुसलं तर

ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र) फ्लॅश उडवत नसेल तर याच क्रमाने बघा: चॅनल आणि ग्रुप, बॅटरी, हॉटशूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या खाचेत, नीट बसलाय का, धातूचे ठिपके मळलेत का. एकच दिवा उरला तर तो खिडकीच्या बाजूलाच लावा आणि उलट बाजूला थर्माकोल. कार्डवर एरर आली तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका. कार्डाची छोटी कळ लॉक करून वेगळ्या डबीत ठेवा. फाइल्स बहुतेक वेळा फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने परत मिळतात, पण वर नवं काही लिहिलं गेलं नसेल तरच.

ग्राहकाला कसं सांगायचं

लपवू नका आणि घाबरवूही नका. पर्याय घेऊन जा. 'वहिनी, धुकं दुपारपर्यंत हलेल असं दिसत नाही. इथे अर्धा तास जवळचे फोटो करू, मग खाली खोलीत दागिन्यांचे. कमानीचा मोठा फोटो आज होणार नाही. तो हवाच असेल तर पुन्हा एक सकाळ यावं लागेल.' काय मिळेल, काय मिळणार नाही आणि त्याची किंमत काय, तिन्ही सांगा. ठरलं की तिथेच दोन ओळींचा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवा. पुढे कोणाला काही आठवेनासं होत नाही.

हवामानामुळे शूट बदललं तर तारीख कोण देणार, मेकअप आणि गाडीचा खर्च कोणाकडे, हे आगाऊ रक्कम घेतानाच लिहून घ्या. कोल्हापुरात ओळखीपाळखीत काम चालतं, त्यामुळे हे बोलायला अवघड जातं. पण ओळख टिकवायची असेल तर हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो निवडू नका, फक्त दोन ठिकाणी कॉपी करा. मनात ठरवलेली चौकट अजून ताजी असते आणि तिच्याशी ताडून बघताना चांगले फोटोही बाद होतात. दुसऱ्या दिवशी कागदातली हेतूची ओळ समोर ठेवून बघा. ती पुरी करणारे फोटो आधी बाजूला काढा, मग बाकीचे.

आभाळ बदलणं, गर्दी पुसणं आता सोपं झालं आहे. स्वतःच्या कल्पक कामात हवं ते करा. पण दागिना, कारागीर किंवा किल्ला दाखवायचा असेल तर जे तिथे नव्हतं ते घालू नका, आणि घातलं तर ग्राहकाला सांगा. साजाचं एक पान जरी सॉफ्टवेअरने 'सुधारलं' तरी तो साज त्या कारागिराने घडवलेला राहत नाही.

पुन्हा शूट करायचं का हे ठरवताना एकच बघा: हवेच असलेल्या फोटोंपैकी एखादा राहिला आहे का? राहिला असेल तर तेवढ्यासाठीच जा, छोट्या टीमसह, एका तासासाठी. राहिला नसेल तर सेट देऊन टाका. मग जागेची नोंद करून ठेवा: तारीख, वेळ, ऊन कुठून आलं, धुकं किती वाजता उतरलं आणि किती वाजता उठलं, कोणत्या दारात चांगली सावली मिळाली, तिथे कोणाला विचारलं. पुढच्या पावसाळ्यात हीच नोंद कागदावरच्या चौथ्या ओळीत जाईल.